दोन्ही मार्कर पॉझिटिव्ह आले तर? मूत्राशयाच्या कॅन्सरचे उपप्रकार आयएचसीवर वाचताना

प्रश्न थोडक्यात असा. पॅथॉलॉजीच्या एका रेसिडेंटने प्रबंधासाठी मूत्राशयाच्या स्नायूत शिरलेल्या युरोथेलियल कार्सिनोमाचे (अस्तरातून उगवणाऱ्या कॅन्सरचे) ६० टीयूआर ब्लॉक (मूत्रमार्गातून कापून काढलेल्या गाठीचे मेणात बसवलेले तुकडे) घेतले आणि त्यांवर आयएचसीने (प्रोटीन रंगवून दाखवणाऱ्या इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीने) गाटा-३ आणि सीके ५/६ हे मार्कर लावले. गाटा-३ पॉझिटिव्ह तो ल्युमिनल (अस्तराच्या वरच्या थरांसारखा), सीके ५/६ पॉझिटिव्ह तो बेसल (तळाच्या थरासारखा), कट-ऑफ २० टक्के पेशी. ११ केसेसमध्ये दोन्ही पॉझिटिव्ह निघाले, ४ मध्ये दोन्ही निगेटिव्ह. मार्गदर्शक म्हणतात, या १५ केसेसना ‘इंटरमीडिएट’ म्हणा आणि पुढे चला. हे चालेल का? आणि मुळात दोनच मार्करवर उपप्रकार ठरवता येतो का?

‘इंटरमीडिएट’ लिहू नका. त्या ११ केसेसचा आणि त्या ४ केसेसचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. त्यांना एकाच टोपलीत टाकलंत, तर तुमच्या प्रबंधातला सगळ्यात वाचण्यासारखा भाग तिथेच गाडला जाईल. त्या ११ स्लाइड्स पुन्हा काढा. या वेळी टक्के मोजू नका, रंग कुठे आलाय एवढंच बघा.

आधी नॉर्मल युरोथेलियम डोळ्यांसमोर आणा. टीयूआरच्या तुकड्यांत कुठेतरी एखादी नॉर्मल पट्टी बऱ्याचदा सापडते, तीच घ्या. गाटा-३ तिथे सगळ्या थरांतल्या न्यूक्लियसमध्ये दिसतो. सीके २० फक्त अगदी वरच्या छत्रीपेशींत. सीके ५/६ तळाच्या थरात, आणि पी ६३ तळाच्या व मधल्या थरांत. म्हणजे निरोगी अस्तरावरसुद्धा ‘ल्युमिनल’ आणि ‘बेसल’ दोन्ही मार्कर पॉझिटिव्हच असतात. त्याला आपण इंटरमीडिएट म्हणत नाही, कारण दोन्ही रंग आपापल्या जागी असतात.

आता तुमच्या ११ पैकी एखादी पॅपिलरी (बोटांसारख्या) घडणीची केस लावा. माझा अंदाज असा की सीके ५/६ चा तपकिरी रंग फायब्रोव्हॅस्क्युलर (तंतू आणि रक्तवाहिन्यांच्या) गाभ्याला लागून एका ओळीत दिसेल, पेनाने रेघ ओढल्यासारखा. त्या रेघेच्या वरच्या सगळ्या पेशी सीके ५/६ निगेटिव्ह आणि गाटा-३ ठसठशीत पॉझिटिव्ह. स्नायूत घुसलेल्या नेस्टमध्येही (पेशींच्या पुंजक्यांतही) तेच चित्र उलगडतं: स्ट्रोमाला (भोवतालच्या आधार-ऊतीला) टेकलेली बाहेरची एक रांग सीके ५/६ पॉझिटिव्ह, आतल्या पेशी कोऱ्या. ही गाठ बेसल नाही. तिने अस्तराची मूळ घडण, खालचा थर आणि वरचे थर हा फरक, अजून सांभाळून ठेवला आहे. नेस्ट लहान असतील तर बाहेरच्या रांगेतल्या पेशींचं प्रमाण आपोआप वाढतं आणि २० टक्क्यांची रेषा सहज ओलांडली जाते. जीवशास्त्र काही बदललेलं नसतं, फक्त नेस्टचा आकार बदललेला असतो.

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून इतक्या ठामपणे सांगतो. सुरुवातीच्या काळात एक अख्खी बॅच फक्त टक्क्यांवर मोजली आणि ‘बेसल’ गट भलताच चांगला वागतोय असा निष्कर्ष काढून बसलो. एका सिनिअर बाईंनी स्लाइड मायक्रोस्कोपवर ठेवली, चार एक्सवर अर्धं मिनिट पाहिली आणि विचारलं, “हा बेसल आहे, की याचा बेसल थर शाबूत आहे?” पुढचे दोन आठवडे सगळ्या स्लाइड्स पुन्हा वाचण्यात गेले.

११ मध्ये दुसराही एक नमुना सापडेल. त्यात सीके ५/६ एका रांगेपुरता राहत नाही. दोन, तीन, चार थर वर चढतो, कधी नेस्टच्या मध्यापर्यंत जातो, आणि त्याच पेशींत गाटा-३ टिकून असतो. स्वीडनच्या लुंड विद्यापीठातल्या गटाने २०१२ मध्ये वर्गीकरण मांडलं तेव्हा अशा गाठींना युरोबेसल बी असं वेगळं नाव दिलं होतं. पॅपिलरी नात्यातल्याच, पण जास्त आक्रमक. यांना मोजताना साध्या रेघेच्या केसेसपासून वेगळं ठेवा.

आणि तिसरा नमुना म्हणजे एकाच ब्लॉकमध्ये दोन गावं: एका कोपऱ्यात नेहमीचा युरोथेलियल कार्सिनोमा, गाटा-३ पॉझिटिव्ह, दुसरीकडे केराटिन आणि पेशींमधले पूल दाखवणारा स्क्वेमस (त्वचेसारख्या चपट्या पेशींचा) भाग, सीके ५/६ गच्च आणि गाटा-३ फिका किंवा गायब. दोन्हींची सरासरी काढून एक आकडा लिहिलात तर तो आकडा ब्लॉकमधल्या एकाही पेशीला लागू पडत नाही. दोन भाग वेगळे मोजा, प्रत्येकाचं अंदाजे क्षेत्रफळ लिहा. याच कारणासाठी टिश्यू मायक्रोअ‍ॅरेवर एकच कोअर (अनेक गाठींचे बारीक तुकडे एका स्लाइडवर बसवतात, त्यातला एक) घेऊन उपप्रकार ठरवलेला मला पटत नाही. घ्यायचेच तर वेगवेगळ्या भागांतून निदान दोन-तीन कोअर घ्या.

मग खरा बेसल कोणता? २०१६ मध्ये या विषयातल्या मंडळींनी एकत्र बसून बेसल-स्क्वेमस प्रकाराची किमान व्याख्या ठरवली: सीके ५/६ आणि सीके १४ जास्त, गाटा-३ आणि फॉक्सए१ (आणखी एक ल्युमिनल मार्कर) कमी. व्याख्येचा अर्धा भाग ‘नसण्या’चा आहे. बेसल मार्कर असणं पुरेसं नाही, ल्युमिनल मार्कर गेलेले असायला हवेत. या व्याख्येने तुमच्या ११ पैकी बहुतेक केसेस बेसल ठरतच नाहीत. विभागात सीके १४ असेल तर जरूर लावा. तो सीके ५/६ पेक्षा कंजूष आहे, उगाच रंगत नाही, म्हणून तो पसरलेला दिसला की विश्वास ठेवायला हरकत नाही.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. दोन मार्कर पुरेसे का? ज्या अभ्यासाच्या आधारावर सगळे दोनच मार्कर लावतात तो २०१६ चा, अमेरिकेतल्या एमडी अँडरसन कॅन्सर सेंटरच्या गटाचा. गाटा-३ आणि सीके ५/६ या जोडीने आरएनएवर (कोणते जीन किती चालू आहेत हे मोजून) ठरलेले ल्युमिनल आणि बेसल गट ९० टक्क्यांहून जास्त अचूकतेने ओळखता येतात, असं त्यात दिसलं. ते खरं आहे. पण त्या जोडीला एकच प्रश्न विचारलेला होता: दोनांपैकी कोणता? तुमच्या प्रबंधाच्या शीर्षकात ‘मॉलिक्युलर उपप्रकार’ असा शब्द असेल, तर परीक्षक विचारणारच की दोनच कसे.

कारण आज सर्वमान्य यादी सहाची आहे. २०१४ मध्ये तीन वेगवेगळ्या गटांनी आपापली वर्गीकरणं छापली, २०१७ मध्ये द कॅन्सर जीनोम अ‍ॅटलसने ४१२ गाठींवर पाच प्रकार मांडले, आणि प्रत्येकाची नावं निराळी असल्याने कोण कशाबद्दल बोलतंय हेच कळेनासं झालं. शेवटी २०२० मध्ये १७५० नमुन्यांचा आरएनए एकत्र करून एकमताचं वर्गीकरण आलं, फक्त स्नायूत शिरलेल्या गाठींसाठी. त्यात बेसल-स्क्वेमस ३५ टक्के, ल्युमिनल पॅपिलरी २४, ल्युमिनल अनस्टेबल १५, स्ट्रोमा-रिच १५, ल्युमिनल नॉनस्पेसिफाइड ८ आणि न्यूरोएंडोक्राइन-लाइक ३ टक्के. स्नायूपर्यंत न गेलेल्या गाठींचं खातं वेगळं, त्यांना ही नावं लावू नका.

या सहांपैकी आयएचसीवर काय दिसतं आणि काय दिसत नाही, हे नीट समजून घ्या. इथेच सगळ्यात जास्त गोंधळ आहे. आरएनए काढताना तुकडा अख्खा वाटला जातो: गाठीच्या पेशी, फायब्रोब्लास्ट, रक्तवाहिन्या, लिम्फोसाइट, मधेच आलेला स्नायू, सगळं एकत्र. स्ट्रोमा-रिच हा गट त्या मिश्रणाचं वर्णन आहे. आयएचसीवर आपण गाठीच्या पेशीकडे बघतो आणि शेजारचा स्ट्रोमा मनातल्या मनात बाजूला ठेवतो. म्हणून आरएनएवर स्ट्रोमा-रिच ठरलेली गाठ आपल्या स्लाइडवर सरळ ल्युमिनल दिसू शकते, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात. लुंडच्या मंडळींनी २०१७ मध्ये हेच बारकाईने दाखवलं: पेशीचा प्रोटीनवरचा चेहरा आणि आरएनएचा गट हे दरवेळी जुळत नाहीत. तेव्हा तुमच्या आयएचसी गटांना आरएनएच्या यादीतली नावं उसनी देऊ नका. ‘आयएचसीनुसार ल्युमिनल’, ‘आयएचसीनुसार बेसल-स्क्वेमस’ असं लिहा. ‘आयएचसीनुसार’ हा शब्द दर वेळी लिहायचा कंटाळा येतो, तरी लिहा.

ल्युमिनलच्या आत मात्र आयएचसी बरंच काम करते, आणि थोडा निधी शिल्लक असेल तर तो इथे लावा असं मी म्हणेन. पी १६ आणि आरबी१ ही जोडी घ्या, जमल्यास सायक्लिन डी१ सुद्धा. मागची यंत्रणा अशी आहे: आरबी हा पेशीविभाजनाचा ब्रेक. पी १६ त्या ब्रेकला मदत करतो, सायक्लिन डी१ ब्रेक सैल करतो. आरबी हरवला की पी १६ वरचा लगाम सुटतो आणि तो पेशीत साचत जातो. पण ब्रेकच उरलेला नसल्याने त्याचा उपयोग काही होत नाही. म्हणून अनस्टेबल प्रकारात आरबी१ गेलेला, पी १६ न्यूक्लियस आणि सायटोप्लाझममध्ये गच्च, सायक्लिन डी१ कमी, आणि सीके २० बहुधा जोरात. पॅपिलरी प्रकारात चित्र उलटं: आरबी१ शाबूत, सायक्लिन डी१ जास्त, पी १६ बऱ्याचदा निगेटिव्ह, कारण पी १६ बनवणारा सीडीकेएन२ए जीनच उडालेला असतो. सीके २० इथे निगेटिव्ह आला तरी गोंधळू नका. सीके २० निगेटिव्ह म्हणून ल्युमिनल नाही, असं लिहिलेले रिपोर्ट मी पाहिले आहेत. ते चूक आहेत.

जाता जाता एक. पी १६ गच्च दिसला की घशाच्या आणि गर्भाशयमुखाच्या सवयीने ‘एचपीव्ही’ (तिथल्या कॅन्सरमागचा विषाणू) असं हातून लिहिलं जातं. मूत्राशयात तसं लिहू नका. इथे तो प्रामुख्याने आरबी गेल्याची खूण आहे.

आता ते चार दोन्ही निगेटिव्ह. इथे पहिला संशय गाठीवर घेऊ नका, स्टेनवर (रंगवण्यावर) घ्या. टीयूआरचा तुकडा विजेच्या तारेने कापलेला असतो. कडा जळतात, न्यूक्लियस लांबट होऊन ताणले जातात, आणि तिथे गाटा-३ मरतो. शिवाय मोठ्या तुकड्याच्या आत फॉर्मलिन वेळेवर पोचलं नसेल तर मधला भाग कोरा राहतो. स्लाइडच्या आतच कंट्रोल शोधा: नॉर्मल युरोथेलियमची पट्टी असेल तर उत्तम, नाहीतर काही लिम्फोसाइटही गाटा-३ ला फिके रंगतात. कुठेच काही रंगलेलं नसेल तर ती केस निगेटिव्ह नाही, नापास आहे. दुसरा ब्लॉक लावा. सेक्शन कापून महिनोन्‌महिने पडून असतील तरी हेच होतं, म्हणून एका केसचे सगळे सेक्शन एकाच बैठकीत कापून लवकर स्टेन करणं चांगलं.

स्टेन बरोबर असूनही दोन्ही निगेटिव्ह असतील, तर एच अँड ई (नेहमीच्या रंगाची स्लाइड) पुन्हा बघा आणि सिनॅप्टोफायसिन, क्रोमोग्रॅनिन, आयएनएसएम१ हे न्यूरोएंडोक्राइन मार्कर लावा. न्यूरोएंडोक्राइन प्रकाराची गंमत अशी की तो दर वेळी स्मॉल सेल कार्सिनोमासारखा दिसत नाही. काही गाठी मॉर्फॉलॉजीवर साध्या युरोथेलियल वाटतात आणि आतून पी ५३ व आरबी दोन्ही गमावलेल्या असतात. चारांपैकी एक जरी असा सापडला तरी तो त्या रुग्णाच्या दृष्टीने तुमच्या अख्ख्या प्रबंधापेक्षा महत्त्वाचा आहे. ब्लॉक जुना असला तरी युरोलॉजी विभागाला कळवा. अशा गाठीत टीटीएफ-१ (फुफ्फुसाच्या गाठींचा नेहमीचा मार्कर) पॉझिटिव्ह आला तर फुफ्फुसाकडे धावू नका, मूत्राशयाच्या स्मॉल सेलमध्येही तो येतो. चारांत सार्कोमॅटॉइड किंवा मेसेन्कायमल (संयोजी ऊतीसारख्या) वळणाची गाठ निघू शकते, व्हायमेंटिन तिथे कामी येईल. आणि पुरुष रुग्ण असेल, गाठ मूत्राशयाच्या मानेपाशी असेल, तर एनकेएक्स३.१ (प्रोस्टेटचा मार्कर) लावून प्रोस्टेट नाही ना हे बघून घ्या. हे शेवटचं वाचून हसू येईल, पण दोन्ही निगेटिव्ह म्हणून वर्गीकरणात बसवलेली गाठ युरोथेलियलच नव्हती, असं होतं.

कट-ऑफबद्दल: सर्वांनी मान्य केलेला आकडा नाही. वेगवेगळ्या शोधनिबंधांत वेगवेगळा आहे आणि प्रत्येकाचा क्लोन (अँटिबॉडीची जात), रिट्रीव्हल (स्टेनआधीची तयारी), मशीन निराळं. म्हणून २० टक्क्यांवर हो-नाही करून मूळ माहिती फेकून देऊ नका. टक्के आणि तीव्रता दोन्ही लिहून ० ते ३०० चा एच-स्कोर ठेवा, शेजारच्या रकान्यात नमुना लिहा: ‘तळाची रेघ’, ‘अनेक थर’, ‘पसरलेला’, ‘वेगळ्या भागात’. गाटा-३ फक्त न्यूक्लियसचा मोजा, सायटोप्लाझमचा धुरकटपणा सोडून द्या. वाचणारे दोघं असावेत, एकमेकांचे आकडे न बघता, आणि रुग्णाचं पुढे काय झालं हे दोघांनाही ठाऊक नसावं. नमुन्याच्या रकान्यात तुमच्या दोघांचं किती जुळतं, हाच एक चांगला तक्ता होईल.

प्रस्तावनेत उपचारांबद्दल काय लिहायचं, हेही विचारलं आहे. जपून लिहा. ल्युमिनल म्हणजे चांगला आणि बेसल म्हणजे वाईट, हे समीकरण भाषणात बरं वाटतं, पण प्लाझ्मासायटॉइड कार्सिनोमा घ्या: बहुतेक वेळा गाटा-३ पॉझिटिव्ह, मार्करवर ल्युमिनल, ई-कॅडहेरिन (पेशींना एकमेकींशी जोडणारं प्रोटीन) गेलेला, आणि वागणुकीत अत्यंत वाईट. मायक्रोपॅपिलरीचंही तसंच. मार्कर मॉर्फॉलॉजीच्या जागी बसत नाहीत. शस्त्रक्रियेआधीच्या सिस्प्लॅटिनचा बेसल गटाला सर्वाधिक फायदा होतो असं काही अभ्यासांत दिसलं, इतरांत ते तितकं नीट उतरलं नाही. आज कोणाला केमो द्यायची हे आयएचसीच्या उपप्रकारावर ठरत नाही, आणि रिपोर्टमध्ये तो लिहिणं बंधनकारकही नाही.

औषधांशी जोडलेल्या चाचण्या वेगळ्या आहेत, त्या उपप्रकारात मिसळू नका. एर्डाफिटिनिब या औषधासाठी एफजीएफआर३ जीनमधला बदल सापडावा लागतो. एफजीएफआर३ चं प्रोटीन स्टेन त्याची जागा घेत नाही. एन्फोर्टुमॅब व्हेडोटिन हे औषध नेक्टिन-४ या प्रोटीनवर जाऊन बसतं, तरी ते देण्याआधी नेक्टिन-४ चं स्टेन लागत नाही. हर२ मात्र खरंच आयएचसीवर चालतं: २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने ट्रास्टुझुमॅब डेरक्स्टेकनला अवयव कोणताही असला तरी ३+ असलेल्या, उपचार घेऊन झालेल्या पसरलेल्या गाठींसाठी परवानगी दिली. पीडी-एल१ (इम्युनोथेरपीसाठीची चाचणी) मध्ये क्लोन आणि मोजण्याची रीत औषधागणिक बदलते, एकाचा आकडा दुसऱ्याला लावता येत नाही.

एक शब्दाचा सापळा राहिला. डब्ल्यूएचओच्या २०२२ च्या आवृत्तीत ‘व्हेरिएंट’ हा जुना शब्द काढून हिस्टॉलॉजिकल प्रकारांनाच ‘सबटाइप’ म्हटलं आहे: नेस्टेड, मायक्रोपॅपिलरी, प्लाझ्मासायटॉइड, सार्कोमॅटॉइड वगैरे. त्यामुळे तुमच्या प्रबंधात ‘उपप्रकार’ नुसता आला की वाचणाऱ्याला कोणता ते कळणार नाही. पहिल्याच पानावर स्पष्ट करा.

मार्गदर्शकांना पटवायचं असेल तर वाद घालत बसू नका. ११ पैकी दोन स्लाइड निवडा: एक तळाच्या रेघेची, एक अनेक थर रंगलेली. दोन्हींचे टक्के जवळपास सारखे असलेल्या शोधा, मिळतील. शेजारी शेजारी फोटो लावा, खाली आकडे लिहा आणि नेऊन दाखवा. आणि टीयूआर ब्लॉकमध्ये ऊती किती उरली आहे ते आजच बघून ठेवा. पी १६ आणि आरबी१ मंजूर होईपर्यंत काही ब्लॉक संपलेले असतात.